डोक्यावर दोन हजार लिटर

माझ्या डोक्यावर दोन हजार लिटर पाणी आहे.
सोसायटीने हिशेब करून पत्र धाडलं होतं :
दोन टन पाणी, शिवाय काच, शिवाय लोखंडी चौकट.
बोगुमिलने पत्र वाचलं, घडी घातली,
आणि टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारलं.
म्हणाला, तेक्लाबाई, तीस वर्षं माझ्या डोक्यावर
अख्खं होझुफ होतं, ट्रामसकट, चर्चसकट.
पडलं का कधी?

आणला तेव्हा बोटभर होता.
पिशवीवर दुकानदाराचं अक्षर : ठिपक्यांचा मिशाळ, शांत.
शांत होताच.
टाकीत सोळा निऑन होते, मग अकरा,
मग मोजायचं काही कारण उरलं नाही.
शेवाळ खाणारा काटेरी मासा तेवढा टिकला,
दिवाळखोर दुकानातल्या शेवटच्या डब्यासारखा.
एका सकाळी तोही नव्हता,
आणि शांत मिशाळ तळाशी पोट टेकून
दोन दिवस नुसता श्वास घेत होता.

मग ओळख पटवणं आलं.
बोगुमिलला ती सवय होती.
खाणीत एकदा स्फोट झाला, तेव्हा
त्याने तिघांना बुटांवरून ओळखलं होतं.
आता रात्री टॉर्च घेऊन तो काचेशी गुडघे टेकायचा,
मी पुस्तक धरायची.
शेपूट लाल नाही. म्हणजे तो नव्हे.
थोबाड फावड्यासारखं चपटं नाही. तोही नव्हे.
मिशा सहा.
डोळे मोहरीएवढे, आणि पार माथ्यावर.
अंगावर काळ्या-पिवळ्याची कालवाकालव,
कोळशात गंधक सांडल्यासारखी.
आणि तोंड. काय सांगू, अर्धा मासा तोंडच.

जाऊ, तो शेवटी म्हणाला.
ब्राझीलकडे याला जाऊ म्हणतात.
धबधब्याखालच्या डोहात राहतो. दीड मीटर होतो.
इथे? मी विचारलं.
तो भिंतीकडे बघत होता.
पुढच्या आठवड्यात भिंत नव्हती,
आणि त्याची खाट स्वयंपाकघरात होती.

त्या जानेवारीत वीज गेली, उणे अठरा.
मी किटल्या वर नेल्या. गॅसवर पातेली, बादल्या, पुन्हा किटल्या.
त्याने खाणीतली जाड जाकिटं काचेभोवती गुंडाळली,
स्वतः पातळ स्वेटरवर खोकत बसला.
पहाटे पारा चोविसाखाली गेला नाही.
माझ्या घरात बर्फ होता खिडकीच्या आतून.
मला रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

आता बोगुमिल इस्पितळात आहे.
फुप्फुसांत दगड झालाय म्हणतात, धुळीचा.
किल्ली माझ्याकडे.
प्राणिसंग्रहालयातल्या बाई फोनवर दमलेल्या होत्या :
दर महिन्याला असा एक फोन येतो हो,
सगळ्यांनी बोटभरच आणलेला असतो.

मंगळवारी आणि शनिवारी मी लांब चिमट्याने
चांदेरीचे तुकडे धरते.
त्याला दिसत नसावं फारसं.
काल चिमटा निसटला, मी बाही वर करून
दंडापर्यंत हात घातला.
तो अंधारातून आला, घाई न करता,
आणि मिशा बोटांवरून फिरवल्या,
एकेक बोट, करंगळीपासून,
अंगठ्याशी थांबला.
त्याने मला ओळखलं
की नुसती चव घेतली, सांगता येत नाही.
मी हात काढला नाही. का, तेही सांगता येत नाही.
मग तो वळला. वळायला त्याला
आता शेपटी दुमडावी लागते.

रात्री तो धप्प आवाज होतो, काचेला शेपूट लागल्याचा.
पूर्वी त्यानंतर वर पावलं वाजायची, आणि खोकला.

दिवा लावून मी छत बघितलं.
चीर गेल्या महिन्याएवढीच आहे.
स्टुलावर चढून तिच्या टोकाशी
पेन्सिलीने आजची तारीख घातली.