वर्गणी

पूर्वी रात्री दोनला मार्लिस ट्वेटच्या पायरीवर उभं राहावं लागे.
उणे वीस. साखर कारखान्याकडून बीटचा आंबूस वास.
काखेत वॉरंटचा कागद, सहीपुरती जागा मोकळी.
बाई दार उघडायच्या नवऱ्याच्या जुन्या कोटात,
चष्मा शोधायच्या,
तोवर मी बाहेरच.
मग विचारायच्या :
कोणाचं? कशासाठी? किती दिवसांचं?
एकदा म्हणाल्या, "डेप्युटी, ही शंका झाली. कारण घेऊन या."
शिव्या घालत परत फिरलो, गाडीही सुरू होईना.
कारण काही सापडलं नाही.
त्या पोराचं नाव आज मला आठवत नाही,
ते त्याच्या पथ्यावरच पडलं.

मग सुंठीवाचून खोकला गेला.
काउंटीच्या बजेटात एक ओळ आली,
रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या खाली, टायरांच्या वर :
सॉफ्टवेअर, वार्षिक वर्गणी, नऊ हजार सहाशे डॉलर.
कोणीच काही विचारलं नाही. कॉफी गार होत होती.

हवामानाचं ॲप, कूपनांचं ॲप,
पोरांचा फुगे फोडायचा खेळ,
हे सगळे दलालाच्या कानाला लागलेले.
दलाल आमच्या.
हिसकावून घ्यायचं तर न्यायाधीश लागतो,
विकत घ्यायला पावती पुरते.

पहिल्या आठवड्यात गोळ्या विकणारा एक धरला, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्या आठवड्यात बायकोच्या भावाची गाडी पाहिली.
तिसऱ्यात
नुसताच बसलो होतो.

एक ठिपका दर गुरुवारी फार्गोला जायचा,
हॉस्पिटलच्या मागच्या वाहनतळात तीन तास,
परतताना नदीच्या पुलाशी वीस मिनिटं.
थांबलेला.
ठिपक्याला नाव नसतं म्हणतात.
पण रात्री तो झोपायचा
त्या घराची पायरी मला पाठ होती.

त्यांच्या मुलाच्या आधी मला कळलं.

रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं.
मी ताट नेऊन दिलं, म्हणालो,
"तब्येत सांभाळा हं,"
गरजेपेक्षा जरा हळू आवाजात.
बाईंनी काटा खाली ठेवला.
चष्मा डोळ्यांवरच होता त्या दिवशी.
"कोणाकडून? कशासाठी?
किती दिवसांपासून?"

त्यांनी एकच पान लिहिलं :
पैसे देऊन आणलेलंही आधी दाराशी आणा.
मार्चमध्ये मतदान, तीन विरुद्ध दोन.
मतदानाला त्या नव्हत्या.
पुलाशी आता कोण थांबतं
ते मला माहीत नाही. माहीत नाही
हे पहिल्यांदाच बरं वाटतंय.

काल रात्री दोन वाजता नवीन दार.
न्यायाधीश अब्दिरिझाक वारसमे,
पायात लोकरी मोजे, कडेवर रडकी मुलगी.
"कशासाठी?"
बोटं गारठलेली.
मी कागद उलटा धरला होता.