मायना

आमच्या गावात सुऱ्या घडतात.
त्यामुळे रक्तात लोखंड साठलंय असं डॉक्टर म्हणाले
तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.
"घरचाच माल," एर्मेस हसला.
दर पंधरवड्याला बाटलीभर रक्त काढत राहिले.
आकडा काही उतरेना,
उतरलो मी.
सहाणेपाशी बसल्या बसल्या हात गार पडायचे,
पोलादाहून गार.

आणि डोळ्यांत पावाचा चुरा.
बापाच्या होता. आत्याच्याही, तिशीतच.
चुरा काय, पुसला की जाईल, असं आम्ही म्हणत आलो.

उदिनेला डॉक्टर ऑरिएतानं कागदावर एक आकडा काढला,
अंबाड्यात खोचतात तसला.
म्हणाली, लोखंड नाही हो जास्त,
जास्त झाल्यात त्या लोखंड ठेवायच्या पेट्या.
पेटी कशी करायची तो मजकूर शाबूत आहे तुमचा.
चूक आहे त्याच्या आधी,
ज्या ओळीचं कधी काही बनत नाही तिथं.
तिथं आरएनए स्वतःवरच वळून असा आकडा होतो.
लोखंड कमी असलं की एक पहारेकरी तो धरून बसतो:
थांबा, पेट्या नकोत आत्ता.
तुमच्या आकड्यातलं एक अक्षर बदललंय.
त्याची मूठच बसत नाही.

एक अक्षर.
आणि तेही न वाचायच्या ओळीतलं.

बाप बेल्जियमच्या खाणीत होता तेव्हा
आई त्याची पत्रं मोठ्यानं वाचायची, मायना गिळून.
"माझी लिंदा" असलं तर दारातच, आम्हा चौघांना गोळा करून.
नुसतंच "लिंदा" असलं
तर घडी परत घालून खिशात,
दिवा मालवायच्या आधी, एकटीनं.
आत बहुतेक तेच असायचं:
पगार, खोकला, पाऊस.

भिंगं बदलली.
पहिल्यांदा पाहिली ती स्वतःच लावलेली धार. बरी होती.
मग खणातली पत्रं काढली.
मजकूर पाठच होता, पहिल्या ओळी तेवढ्या वाचल्या.
एकीवर नुसतंच "लिंदा",
रेघ सोडून खाली घसरलेलं.
चुरा तेव्हाच पडायला लागला असणार.
आई काय समजली असेल त्या रात्री?

आता मुलाला कळवायचंय.
त्याची धाकटी दिव्याकडे बघताना डोळे बारीक करते.
सांगायचं ते सगळं तयार आहे, डॉक्टरनं लिहूनच दिलंय.
कागद पुढ्यात आहे.
वर काय लिहू, ते ठरत नाही.