विषय क्रमांक सत्तावन्न

सत्तावन्नावा विषय दुपारी चारला आला.
'प्रादेशिक जल मंडळात पुणे शहराने
सहभागी व्हावे किंवा कसे.'
हे 'किंवा कसे' आमच्या कार्यालयाचं.
प्रत्येक प्रस्तावाच्या शेपटीला ते बांधायचं असतं.
एकवीस वर्षं बांधतेय.

मी इतिवृत्त लिहिते. मान खाली घालून:
कोण बोललं, काय बोललं, बाकं किती वाजली.
पाणी किती वाजता येतं ते मला घरी विचारा, फुरसुंगीत.
मंगळवारी टँकर, शुक्रवारी टँकर,
मधल्या दिवसांत शेजारीण.

कुंजीरसाहेब उठले. चार धरणांची नावं घेतली,
देवाची घ्यावीत तशी, डोळे मिटून.
"आपल्या ताटातलं पंक्तीत कशाला वाढायचं?"
बाकं वाजली.
ओसवालबाई म्हणाल्या, पंक्तीत बसलो
तरच जूनमध्ये कुणी आपल्याला वाढेल.
बाकं वाजली, कमी.
कुणी दौंड म्हणालं, कुणी इंदापूर,
एकानं टीएमसीचा आकडा चुकवला,
दुसऱ्यानं दुरुस्त केला, तोही चुकलाच.
मी दोन्ही लिहिले.
मग मागून कुणीतरी:
"अहो, यात कुठंतरी पाणी मुरतंय!"
हशा. कंसात लिहिला.

गॅलरीत एक माणूस हसला नाही.
लहू पासलकर, निवृत्त चावीवाला.
पेन्शनच्या कागदासाठी तीनदा माझ्या टेबलाशी आलेला.
तेव्हा सांगत होता: रात्री दोनला, गाड्या थांबल्या की
सळईचं एक टोक रस्त्यावर, दुसरं कानाशी.
गळती असली तर खाली कुणीतरी
तान्ह्याला निजवत असल्यासारखं ऐकू येतं.
"पाणी कुठं मुरतंय ते मला ठाऊक असायचं बाई.
विचारायचं नाही कुणी."

गाव कुठलं, मी फॉर्मसाठी विचारलं होतं.
मोसे खोऱ्यातलं एक नाव त्यानं सांगितलं
आणि पुढं, "आता नाही,"
साहेब जागेवर नाहीत म्हणतात त्या सुरात.
मेअखेरीला जोती वर येतात म्हणे.
त्याच्या घराचं तिसरं. चुलीची जागा अजून काळी.
फॉर्मवर मी 'पुणे' लिहिलं.

तो उभा राहिला. गॅलरीत उभं राहायचं नसतं.
मोठ्यानं बोललाही नाही,
फक्त माइक बंद व्हायला आणि पुढचा चालू व्हायला
जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विचारलं,
"आमच्याकडनं घेतलं
तेव्हा हा विषय कितवा होता?"

सुरक्षारक्षकानं खांद्यावर हात ठेवला. हळूच ठेवला, खरं तर.
गॅलरीतलं बोलणं इतिवृत्तात येत नाही.
माझं पेन कागदावर टेकलेलं राहिलं,
तिथं शाईचा ठिपका वाढत गेला.
टंकलेखनात तो जाईल.

विषय एक महिना पुढे ढकलण्यात येत आहे.
चहा आला.

रात्री घरी, उलथण्याचा दांडा कानाला लावून
मी ओट्याखालच्या फरशीवर वाकले.
आमच्या गल्लीत पाइपच टाकलेला नाही, माहीत होतं.
तरी ऐकलं.
शेजारणीच्या बोअरची मोटार घुमत होती.
आमच्यासाठी चालू ठेवली होती
किंवा कसे,
कळलं नाही.