साडेपाच तास

वडकीच्या पुढे, जिनिंगच्या काट्याच्या खोलीत
पंखा लावला की रुई उडते,
बंद केला की मशीन तापते.
मी सीपीयूचं झाकण उघडलं
तर आत चार हंगामांचं पांढरं;
एखाद्या चिमणीनं खोपा केला असता
तर वेगळा कापूस आणावा लागला नसता.

ताजनेभाऊ म्हणाले, जुनं काढू नका हं, ताई,
काट्याले फक्त तेच समजते.
काट्याचा प्रोग्राम लिहिला अमरावतीच्या कुंभलकरांनी.
त्यांच्या नंबरवर आता एक बाई फोन उचलतात,
इथं कोणी काटेवाले राहत नाहीत म्हणतात.
प्रोग्राम मात्र चालतो. सतरा वर्षं.
भरलेली ट्रॉली वजा रिकामी ट्रॉली,
एवढंच त्याला येते
आणि ते चुकत नाही.

मालकाच्या पोराला बिलं ऑनलाइन पाहिजेत,
आणि एक्सपी दिसली
की इंटरनेट दारातूनच परत जाते.

म्हणून धुरा घातला.
ऐंशी जीबीची डिस्क, पन्नास इकडे, तीस तिकडे.
ताजनेभाऊ मागे उभे, हात पाठीशी,
मोजणीवाल्याच्या साखळीकडे पाहावं
तसे पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडे पाहत.
सरकला तं नाही ना इकडे?
नाही सरकला.

जुनं आधी असावं, नवं मागून टाकावं.
उलटं केलं तर जुनं मांडी घालून बसते,
शेजारी कोणी आहे हे त्याला दिसतच नाही.
नव्याला दिसते.
नवं उठल्याबरोबर दोघांची नावं मांडून विचारते,
कोण पाहिजे?
दहा सेकंद थांबते,
कोणी बोललं नाही तर आपणच कामाला लागते.

दहा सेकंदांत ताजनेभाऊंना चष्मा सापडत नाही.
मी तीस केले.
त्यांनी पोरीचं नेलपॉलिश आणून
खाली जायच्या बाणावर लाल ठिपका दिला.

गुरुवारी फोन आला.
ताई, काटा बरोबर हाय, टाइम येडा झाला.
अकराले मोजलेली ट्रॉली
पावतीवर पहाटे साडेपाचची.
साडेपाचले तं फाटकालेही कुलूप असते!

मला हसू आलं, मग लाज.
मीच विसरले होते.
नवं घड्याळात जगाची वेळ लिहून ठेवते,
आपले साडेपाच तास मनात धरते.
जुनं घड्याळात दिसेल ते वाचते,
मनात धरायचं त्याला कोणी शिकवलं नाही.

गेले तर ताजनेभाऊ खिडकीशी,
एकेक पावती परत मागून
लाल पेनानं वेळ दुरुस्त करत होते.
एकानं पावती दिली नाही.
खैरगावचा शालिक चाफले,
भाड्याचा ट्रॅक्टर, कापूस दुसऱ्याचा.
राहू द्या, मुनशीजी, म्हणाला, बरोबर छापलं.
साडेपाचलेच येऊन लागलो होतो मी फाटकापाशी.
अकराले तं तुमी मोजलं.
घडी करून वरच्या खिशात ठेवली
आणि खिशाचं बटण लावलं.

मी नव्या बाजूला जाऊन एक ओळ लिहिली:
घड्याळ इथलंच समज.
मशीन बंद, मशीन चालू.
तीस. एकोणतीस. अठ्ठावीस.
ताजनेभाऊंचं बोट लाल ठिपक्यावर,
डोळे खिडकीबाहेर, रांगेवर.
एकवीस.
मी काही म्हटलं नाही.
नऊला त्यांनी बटण दाबलं.

पुढची ट्रॉली काट्यावर चढली.
बारा वाजून दहा मिनिटं, पावती म्हणाली,
माझ्या मोबाइलनंही तेच सांगितलं.
ट्रॉलीवाल्यानं हात पुढे केला.
ताजनेभाऊंनी पावती दिली नाही,
उलटी केली, कोऱ्या बाजूवर,
आणि लाल पेनाचं टोपण दातात धरून विचारलं,
कवापासून उभा हायेस?