नमुना

भंगाळे आप्पांनी रंगाचा नमुना आणला
तो कॅटलॉगातला नव्हता.
केळीच्या खोडाची ताजी चकती, ओल्या फडक्यात.
म्हणाले, इलियासभाई, मले सीटा ह्या रंगाच्या पाहिजेत.
पांढरा नको, पांढरा दवाखान्यात असतो.
पिवळा नको, पिवळा आमच्याकडे ट्रकनं जातो.
हा. आतला.

गाडी पुण्याहून घेतलेली. काळी, जर्मन, दुसऱ्या हातची.
नंबर बाराचाच राहणार हे आरटीओत कळलं,
तेव्हापासून बाकी सगळं बदलायचं
त्यांनी मनावर घेतलेलं.

भुसावळ, जामनेर रोड, मे महिना.
माझ्या पत्र्याखाली दुपारी पान्याला हात लावायचा
तर आधी पान्यावर पाणी मारावं लागतं.
संध्याकाळी फडकं उघडलं, चकती तांबूस-काळी.
फोन केला. आप्पा, कोणता रंग धरू?
सकाळचा धर.
म्हणून सकाळचा, आठवणीतून.
तीन वेळा चामडं परत पाठवलं.

डॅशवरची अक्रोडाची पट्टी काढली.
तिथं साग हवा, आपल्या सातपुड्याचा, पण पावतीचा;
वखारीतून पावतीसकट आणला,
उडदाच्या पापडाएवढा पातळ केला,
आणि वळणावर चिरला.
दुसरा आणला.

माझा बाप धनुकली खांद्याला लावून
साकेगाव, कंडारी, वरणगाव करायचा.
तार वाजली की बाया जुन्या गाद्या ओढत बाहेर आणायच्या.
गादीत काय आहे ते पिंजाऱ्याला ठाऊक
आणि झोपणाऱ्याच्या पाठीला, म्हणायचा.
त्याला मी काय सांगणार होतो
की सीटच्या कुशीत एअरबॅग असते,
आणि ती जिथून फुटते तिथली शिवण कच्ची ठेवतात.
एवढी एकच शिवण मी घालतो
वेळेला तुटावी म्हणून.

मागची सीट उपसली तेव्हा खाली निघालं:
दोन चिंचोके, टोलची पावती, अर्धा जांभळा खडू,
आणि टिश्यूत गुंडाळलेला
एक दुधाचा दात.
आप्पा उभेच होते. फेक म्हणाले.
मी फेकला.
पण वर, पत्र्यावर, फेकतात तसा.
टक् वाजलं.
झुबेर म्हणाला, उस्ताद,
पुण्याच्या पोराला दात आता भुसावळात येणार का?
आप्पा हसले नाहीत. वर बघत राहिले थोडा वेळ.

चाकं इंदूरहून आली. एकोणीस इंची, दहा काड्यांची.
रबर उरलं कळण्याच्या भाकरीएवढं.
मी म्हटलं, मूळची सतराची आहेत, राहू द्या,
सावद्याचा रस्ता काय आहे तुम्हाला माहीत.
म्हणाले, रस्त्यासाठी नाही रे,
उभी असताना दिसली पाहिजे.
ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
जुनी चारही चाकं अजून कोपऱ्यात आहेत,
दोनावर फळी टाकून झुबेर डबा खातो.

गाडी गेली तेव्हा पानटपरीवरची माणसं
बोलायची थांबली. एवढं खरं.

नवव्या दिवशी परत.
मागचं डावं चाक कमानीला घासतंय,
स्पीडब्रेकर आला की किर्र.
सतरावर या आप्पा.
ते म्हणाले, ग्रामपंचायतीत बोलतो,
स्पीडब्रेकर काढू.
मग दार उघडून, आवाज खाली घेत,
हे बघ म्हणाले.

ड्रायव्हर सीटच्या पाठीवर, उजव्या खांद्याशी
तळहाताएवढा डाग.
केळीचा चीक. बागेतून तसेच बसले होते.
शर्टावरचा तर आमच्या जन्मात निघत नाही;
मी आपलं रीतीप्रमाणं लिंबू, रॉकेल, शाम्पू.
निघाला नाही.
आणखी पसरला थोडा.

मी फळीखालून ती पहिली चकती काढली.
वाळून चामडं झालेली, कडा वळलेल्या.
डागाशेजारी धरली.

आप्पांनी वाकून पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं.
जुळतंय, म्हणाले.
आणि बसले, त्याच्यावरच टेकून,
काच खाली करून विचारलं,
बाकीच्या सीटांचं काय करायचं मग?