चौथी खेप

माण नदी ओलांडताना
म्हाळाप्पा येडगे धोतर गुडघ्यापर्यंत वर घ्यायचा.
नदीत वाळू. वाळूत शेळ्यांच्या लेंड्या,
कुणीतरी खणून सोडून दिलेला कोरडा झरा.
बहात्तर साल. आम्ही पोरं काठावरून ओरडायचो,
"मामा, भिजशाल!"
तो मागं बघायचा नाही.

खडीच्या कामावर तो मुकादम.
मी मस्टर लिहायचो,
नववी नापास, अक्षर बरं, एवढ्या भांडवलावर.
एकदा इंग्रजी कागद घेऊन आला,
ट्रंकेच्या गंजाचा वास, घड्यांवर चिरलेला.
"वाच. मास्तर निस्ता 'शूर, शूर' म्हनला.
मधी काय लिवलंय त्ये सांग."

सुकडीच्या रांगेपलीकडं, लिंबाखाली,
मांडीवर डिक्शनरी घेऊन
एका ओळीला एक दुपार लागली.
नाव चुकलेलं: मालापा एगे.
"आसंल. त्यांच्या जिभंला ळ झेपत न्हाय."
इटली, एप्रिल पंचेचाळीस.
बांधाच्या पोटात जर्मनांच्या मशीनगनी.
नदी कागदावर सेनिओ,
तो शेणू म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.
"पोहाया कुटं येतंय मला? दोराला धरून गेलतो.
येवडं पानी, आन् कुनालाच तान न्हाय."

'स्वतःच्या जिवाची तमा न बाळगता'
हे मी कसंबसं जमवलं, तर त्यानं हात वर केला.
"तमा व्हती की. लई व्हती.
मुतलो व्हतो. पान्यात कोन बघतंय."

'तीन वेळा पलीकडे जाऊन तीन जखमींना आणले.'

"चार."
मी पुन्हा बोट ठेवलं. थ्री टाइम्स.
"चार खेपा, लेका. चौथी कागदावर न्हाय."

चौथी गावाला ठाऊक होती, आपल्या परीनं:
घोंगडं विसरलं म्हणून म्हाळाप्पा
गोळ्यांतून परत गेला.
सनगर तर गिऱ्हाइकाला सांगायचा,
बघा, आमचा माल कसला असतो!
हाही तिथला चहा पिऊन मान डोलवायचा.

"आईनं दिल्यालं. बोटीवर, वाळवंटात, बर्फात,
समदीकडं अंगावर तेच.
तिसऱ्या खेपंला जवळ्याचा गुंडा
बांधाला टेकून बसल्याला. तोंड उघडं.
म्हनलं, ह्येचं झालं. जित्त्याला आदी न्यावं.
त्येच्यावर घोंगडं टाकलं.
ह्या काठाला आलो, आन् थंडी वाजाय लागली.
घोंगड्यासाटनंच गेलो बग,
खोटं कशाला बोलू.
गुंड्यासाटनं न्हाय."

खडी फोडणाऱ्या बायांचे हातोडे
तेवढे वाजत होते, एकाच वेळी कधीच नाही.

"मग?"

"टोक धरलं. वढलं.
दुसरं टोक त्येच्या मुठीत."

मी काही विचारलं नाही.
त्यानंच सांगितलं, कागदाची घडी घालत,
"अंधार व्हता. मूठ कसली व्हती, कळंना.
वर गोळ्या. सोडलं आन् आलो."

पदकाचे म्हणून महिन्याला थोडे रुपये यायचे.
त्यातून दर साली एक घोंगडं जवळ्याला जाई,
गुंड्याची आई होती तोवर.
ती गेल्यावर भावाला.
भावाकडं म्हणे आता ढीग झालाय,
कोंबड्यांच्या खुराड्यावरही एक आहे.
सनगराला वाटे, माल आवडतो.

"मास्तरला सांगू नगंस.
पोरं पंधरा आगस्टला माजं नाव घेत्यात."

संध्याकाळी मस्टर मिटून
त्याच्या मागोमाग नदीत उतरलो.
दिवसभराची वाळू अजून तापलेली.
काठावरून पोरं ओरडली, "मामा, भिजशाल!"
पुढं त्याच्या पोटऱ्या, वाळक्या, काळ्या,
पाय जपून टाकणाऱ्या,
जणू तळाशी शेवाळ असावं.

मधोमध आल्यावर
मी चपला काढून हातात घेतल्या.