मूठ

नेरिसनं रायफल माझ्या टेबलावर ठेवली
आजारी बकरी डॉक्टरकडे आणावी तशी,
खाली जुना टॉवेल, नळी भिंतीकडे, चेंबर उघडं, रिकामं,
आणि म्हणाली, "इद्वल, हिचं काही दुखत नाही.
दुखतं ते माझं."

उजव्या अंगठ्याचं मूळ.
एकतीस वर्षं पोस्टात पाकिटं लावली तिनं,
ह्या खोऱ्यातल्या प्रत्येक दाराचा नंबर
त्या एका सांध्यात जाऊन बसलाय.

ही बंदूक स्वतःहून काही करत नाही.
वायूची वाट बुजवलेली, इथला कायदाच तसा.
गोळी सुटली की दांडा मागे ओढायचा,
रिकामं पितळ उडून गवतात पडतं,
मग सोडायचं, की पुढची आत.
साठ गोळ्यांना साठ वेळा.
आणि दांडा कुठे? पार मागे, नाकापाशी,
चिमटीत धरायचा.
ओढताना गाल दस्त्यावरून उठतो,
गाल उठला की नेम गेला,
मग तो शोधत बसायचं
डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधावा तसं.

मी म्हटलं, बाजूनं दांडा काढू.
बोल्टच्या अंगात आटे पाडू, आडवा हात बसवू.
तू डावरी, तुझा उजवा हात मोकळाच असतो,
गाल हलणार नाही.
तिनं पिशवीतून एक काळा गोळा काढला.
गेथिनच्या दुधाच्या टँकरचा गियरचा गोळा.
एक, दोन, तीन तळव्यानं पुसून नेलेले,
चार तेवढा शिल्लक.
"हा लावता येईल?"

जड आहे, म्हणालो.
ती काही बोलली नाही.
खिडकीबाहेर पाटीच्या दगडाचे ढिगारे
पावसात काळेभोर होत बसले होते.
लावला.

शनिवारी, खाणीतल्या रेंजवर,
अकराव्या गोळीला कट्ट असा आवाज आला
आणि गोळा उभा चिरला.
अर्धा तिच्या मुठीत, अर्धा चिखलात.
सगळी रांग गप्प. मी मनात शब्द जुळवत होतो.
नेरिस हसली, अशी हसली की
रेंजवाल्या हाउएलनं घाबरून गोळीबार थांबवला.
"गेथिनच हा," ती म्हणाली,
"ऐन चढावर गियर सोडायचा."

मग दुसऱ्यांदा, नीट.
ग्वेनोची खेळायची हिरवी माती आणली, नातीला न विचारता,
नेरिसच्या हातात दिली, म्हटलं, आवळ.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
उघडली तेव्हा आत चार बोटं होती,
करंगळीची सर्वांत खोल,
तळव्याची कड होती,
अंगठ्याच्या जागी माती जशीच्या तशी.

त्या मातीवरून ॲल्युमिनियम कातलं.
बोटभर लांब, किंचित खाली झुकलेलं,
चार खाचा, कडा मारलेल्या.
वजन? तिच्या घराच्या किल्लीएवढं.
दिसायला काही नाही. कोणी विचारणारही नाही.

एक गोष्ट मात्र तिला तीनदा सांगावी लागली.
ओढायला ती शिकली लगेच,
पण सोडताना हात मागे मागे रेंगाळायचा,
दांड्याला हलकेच पोचवायला जायचा,
निजलेल्या घराचं दार लोटावं तसा.
मग बोल्ट अर्धवट बसे, चाप मुका.
"पोचवू नकोस," मी म्हणालो.
"पूर्ण ओढ, आणि हात काढून घे.
पुढचं स्प्रिंगचं काम."
तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.
मी मुकाट्यानं तेलाची बाटली पुसत राहिलो.

ऑगस्टात चौदा जणांत नववी आली.
लक्ष्याचा कागद मला पोस्टानं पाठवला,
चारी घड्या अगदी सरळ.
काळ्या वर्तुळात भोकं दाट,
एकच भलतीकडे, वर डावीकडे,
तिच्याशेजारी पेन्सिलीनं: "ही पोचवली."

चिखलातला अर्धा गोळा मी उचलून आणला होता.
चाराचा आकडा त्यावरच राहिला.
तो उताणा ठेवलाय लेथशेजारी,
त्यात लहान वॉशर मावतात.